संग्रहणी आणि पथ्याचा आहार
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसभेतील व्याख्यान)



शाळेचा हजेरीपट हे वरवर पाहता कोरडे कागद. परंतु ते लक्षपूर्वक वाचले असता त्यांत गावाच्या आरोग्याचाही थोडाबहुत इतिहास सापडतो. एखादा विद्यार्थी आठवड्यातून दोन दिवस गैरहजर असतो, आला तरी मधल्या सुट्टीपूर्वी दोनदा बाहेर जाण्याची परवानगी मागतो, पाढे म्हणताना बसून घेतो, आणि गेल्या वर्षीचा सदरा त्याला यंदाही सैलच होतो. अशा मुलास आळशी ठरविणे सोपे असते. घरी चौकशी केली तर उत्तर येते, "त्याचं पोटच नाजूक आहे हो, गुरुजी. जरा काही खाल्लं की लगेच पातळ होतं." हे 'जरा काही' किती दिवसांपासून चालले आहे असे विचारल्यास महिने मोजावे लागतात, कधी वर्षेही.

दोन-चार दिवसांची हगवण आणि ही दीर्घकाळची हगवण यांत मोठे अंतर आहे. दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचाला होणे यास अतिसार म्हणतात. मुलांमध्ये तो 14 दिवस वा त्याहून अधिक टिकला, अथवा मोठ्या माणसास 4 आठवड्यांहून अधिक काळ राहिला, की त्यास दीर्घकालीन समजावे. आपल्याकडे जुन्या पिढीत यालाच संग्रहणी म्हणत. आयुर्वेदातील ग्रहणीरोग तो हाच, किंवा याच्या अगदी जवळचा. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. संग्रहणी हे मात्र एका रोगाचे नाव नव्हे. अनेक निरनिराळ्या रोगांच्या दाराशी टांगलेली ती एकच पाटी आहे. जिआर्डियासारखे सूक्ष्म जंतू, आमांश, आतड्याचा क्षय, दूध न पचणे, गहू न सोसणे, स्वादुपिंडाचे वा कंठग्रंथीचे विकार, काही औषधांचा परिणाम, आणि ज्यात आतड्यात दिसण्याजोगा कोणताही दोष नसून केवळ त्याची चाल बिघडलेली असते असा हळव्या आतड्याचा विकार, इतक्या गोष्टी त्या पाटीमागे असू शकतात. म्हणून एकाला मानवलेले पथ्य दुसऱ्याला मानवेलच असे नाही. शेजारणीच्या मुलाला जे लागू पडले ते आपल्या मुलाला द्यावे, ही खेड्यातील रीत येथेच फसते.

सर्वांत मोठे अनर्थ मात्र चुकीच्या पदार्थाने होत नसून उपाशी ठेवण्याने होतात. पोट बिघडले की त्याला विश्रांती द्यावी, ही समजूत फार जुनी आहे आणि एखाद्या दिवसाच्या अजीर्णापुरती ती निरुपद्रवीही आहे. परंतु जेथे हगवण आठवडेच्या आठवडे चालते तेथे हे लंघन घातक होते. आई मुलाला तांदळाची पातळ पेज देते, तीही वरचे पाणी. भाकरी बंद, डाळ बंद, तेल-तूप तर पूर्णच बंद. पेजेच्या पाण्यात अन्नाचा अंश थोडा; त्यामुळे शौचाला कमी होते, आणि घरच्यांना वाटते की पथ्य लागू पडले. वास्तविक आत काही गेलेच नाही म्हणून बाहेर काही आले नाही, इतकाच त्याचा अर्थ असतो. दरम्यान मूल वाळत जाते.

ते का वाळते हे समजण्यासाठी आतड्याची रचना थोडी जाणून घ्यावी लागेल. लहान आतड्याच्या आतील बाजूस मखमलीच्या लवेसारखे असंख्य बारीक रसांकुर असतात. अन्नरस शोषून घेण्याचे काम त्यांचे. या रसांकुरांवरील पेशी फार अल्पायुषी असतात. दर तीन ते पाच दिवसांनी जुन्या झडून त्यांच्या जागी नव्या येतात. रोगाने त्यांची झीज झाली तर ती भरून काढण्याची शक्ती शरीरात असते, परंतु ती भरून निघण्यास अन्नच लागते. एवढेच नव्हे, तर आतड्यातून अन्न जात राहिले तरच या पेशींची वाढ नीट होते. उपाशी आतड्यातील रसांकुर खुरटतात. खुरटलेल्या रसांकुरांना अन्न शोषता येत नाही, न शोषलेले अन्न पाणी ओढून घेऊन पुन्हा हगवणीच्या रूपाने बाहेर पडते, ते पाहून घरची माणसे आणखी उपास घालतात, आणि रसांकुर आणखी खुरटतात. हे रहाट एकदा फिरू लागले की कुपोषण हेच हगवणीचे कारण होऊन बसते. ते थांबविण्याचा उपाय अन्न हाच आहे. मात्र ते कसे द्यावे यात विवेक पाहिजे.

थोडे थोडे आणि वारंवार द्यावे, हा पहिला नियम. मुलांस दिवसातून सहा वेळा खाऊ घालावे. तीन वेळच्या जेवणाचेच सहा भाग केले तरी चालतात. गुरगुट्या भात आणि मुगाची डाळ यांची खिचडी हा आपल्या घरातला उत्तम पदार्थ आहे. त्यात चहाचा एक चमचा तेल वा तूप अवश्य घालावे. तेलातुपाचे नाव काढताच आया दचकतात. ज्याला स्वादुपिंडाचा वा पित्ताचा विकार आहे, ज्याचे शौच तेलकट, दुर्गंधीयुक्त आणि पाण्यावर तरंगणारे असते, त्याने स्निग्ध पदार्थ जपून खावेत हे खरे. परंतु इतरांना, विशेषतः वाळलेल्या मुलांना, थोड्या घासात अधिक शक्ती देणारे तेलासारखे दुसरे अन्न नाही. उकडलेले अंडे, ज्यांच्याकडे चालतात त्यांच्यासाठी साधे शिजविलेले मासे, मऊ शिजविलेला दुध्या किंवा लाल भोपळा, कुस्करलेले पिकलेले केळे, नाचणीची आंबील, साळीच्या लाह्या, ही सारी अन्ने चालण्यासारखी आहेत. तिखट, तळलेले आणि फार गोड टाळावे. चण्याची डाळ, वाटाणा, राजमा, कोबी आणि कच्चा कांदा यांतील काही शर्करा लहान आतड्यात न पचता पुढे जाऊन आंबतात. ज्यांचे आतडे हळवे आहे त्यांना त्यामुळे गुबारा धरतो व कळ येते. असे पदार्थ काही आठवडे बाजूस ठेवून मग एकेक करून परत आणावेत. कायमचे बंद करीत सुटल्यास शेवटी ताटात काहीच उरत नाही. सालीसकट कडधान्ये व कोंडा यांनी त्रास वाढत असेल, तर इसबगोलाचा भुसा पाण्यात भिजवून घेतल्यास पुष्कळांना बरे वाटते. तो पाणी धरून ठेवतो, म्हणून बद्धकोष्ठ आणि पातळ शौच या दोन्हीवर चालतो.

कच्च्या केळ्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण ते आपल्या बांधावरचे आहे. कच्चे केळे उकडून, सोलून, कुस्करून भातात मिसळून द्यावे, हा घरगुती उपाय पुष्कळ ठिकाणी माहीत होता. बांगला देशात दीर्घकालीन अतिसाराच्या तान्ह्या मुलांवर त्याची रीतसर परीक्षा झाली व तिचे निष्कर्ष 2001 साली प्रसिद्ध झाले. नुसता तांदळाचा आहार दिलेल्या मुलांपेक्षा त्यातच कच्चे केळे मिसळलेला आहार घेतलेली मुले कितीतरी लवकर बरी झाली. यामागील कारण मोठे मनोरंजक आहे. कच्च्या केळ्यातील पिष्ट लहान आतड्यात पचत नाही. ते तसेच मोठ्या आतड्यात उतरते, तेथील उपकारक जंतू त्याचे सौम्य आम्लांत रूपांतर करतात, आणि ती आम्ले शोषून घेताना मोठे आतडे त्यांच्याबरोबर क्षार व पाणीही परत ओढून घेते. न पचणारी वस्तू पचनास साहाय्य करते, असा हा प्रकार आहे.

आता दुधाकडे वळावे. दुधातील साखर, जिला लॅक्टोज म्हणतात, ती पचविणारा लॅक्टेज नावाचा द्रव रसांकुरांच्या अगदी शेंड्यावर असतो. झीज शेंड्यापासून सुरू होते. म्हणून आजारात सर्वप्रथम दूध पचेनासे होते. शिवाय अनेक निरोगी माणसांतही बालपण संपताच हा द्रव आपोआप कमी होतो. अशा माणसाला दूध पिताच पोट गुरगुरणे, वायू धरणे आणि पातळ होणे हा त्रास जन्मभर होतो, आणि तो त्याला 'पित्त' म्हणत राहतो. परंतु म्हणून दुधावर सरसकट बहिष्कार घालणे योग्य नाही. दुधाचे विरजण लागून दही झाले की त्यातील काही साखर जंतू खाऊन टाकतात आणि उरलेली पचविण्यास तेच जंतू आतड्यात मदत करतात. ग्रहणीरोगात ताकाची थोरवी आपल्या जुन्या वैद्यकाने गायिली ती अनुभवाने; तिचे कारण आज सांगता येते इतकेच. ताक मात्र ताजे, स्वच्छ पाण्याचे व फार आंबट न झालेले असावे. मोठ्या माणसांपैकी पुष्कळांना पेलाभर दूध, ज्यात सुमारे 12 ग्रॅम लॅक्टोज असते, जेवणाबरोबर घेतल्यास सोसतेही. ज्याला शंका असेल त्याने दोन आठवडे दूध, खवा, पेढे, बासुंदी बंद करून दही-ताक चालू ठेवावे व काय फरक पडतो हे लिहून ठेवावे; नंतर दूध पुन्हा थोडे घेऊन पाहावे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे आईचे दूध मात्र कोणत्याही कारणाने तोडू नये. त्यातही हीच साखर असते, तरी ते बाळाला मानवते.

पिण्याच्या पदार्थांत बाटलीबंद गोड पेये आणि डब्यातील फळांचे रस हे हगवणीचे छुपे मित्र आहेत. दाट साखर आतड्यात गेली की ती शरीरातील पाणी आतड्यात ओढते. एक ते पाच वर्षांच्या, अन्यथा धडधाकट व वजन वाढत असलेल्या मुलांत केवळ अशा रसांनी महिनोन्‌महिने पातळ होत राहते, आणि रस बंद करताच आठवड्याभरात शौच बांधून येते. उपाशीपोटी वारंवार घेतलेल्या चहाचाही आतड्यावर चाबूक उडतो. हे गुरुजनांनीही स्वतःपुरते ध्यानात घेण्यास हरकत नाही. ज्या दिवशी जुलाब फार होतील त्या दिवशी जलसंजीवनीचे पाकीट वापरावे. ते जवळ नसेल तर एक लीटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ अधिक पडल्यास अपाय होतो, म्हणून चमचा सपाटच घ्यावा. 1971 साली बांगला देशातील निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, पटकीची साथ पसरली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या अशाच पाण्यावर असंख्य रोगी वाचविले. परंतु हे पाणी शरीर कोरडे पडू देत नाही, हगवणीचे मूळ काढीत नाही. मुलांना त्याबरोबर आशा कार्यकर्तीकडून मिळणाऱ्या जस्ताच्या गोळ्या 14 दिवस पूर्ण द्याव्यात. सहा महिन्यांखालील बाळास रोज 10 आणि त्यावरील मुलास 20 मिलिग्रॅम. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या फळीवर ठेवून देण्याची सवय सर्वत्र आहे, ती मोडली पाहिजे. जुलाब एकदम बंद करणाऱ्या बाजारी गोळ्या लहान मुलास कधीही देऊ नयेत.

आता गव्हाचा विषय. याचा इतिहास सविस्तर सांगण्यासारखा आहे. काही मुलांना पोट फुगलेले, हातपाय काटक्यांसारखे, शौच पांढरट व पुष्कळ, स्वभाव किरकिरा, असा रोग होई व त्यातील बरीचशी दगावत. 1924 साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास या डॉक्टरांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवले आणि ती बरी झाली. सर्वत्र केळ्याचा जयजयकार झाला. वस्तुतः त्या पथ्यात केळी होती, पण पाव नव्हता, आणि गुण आला तो पाव नसल्यामुळे. खाल्ले त्याचे कौतुक झाले, वगळले त्याकडे कोणाचेही लक्ष गेले नाही. पुढे हेग शहरात विलेम डिके हे बालरोगतज्ज्ञ होते. गव्हाविषयी त्यांना युद्धापूर्वीपासून संशय होता. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन अमलाखालील हॉलंडात भयंकर दुष्काळ पडला. पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद शिजवून खाऊ लागले. सारा देश वाळत असता डिके यांचे हे रोगी बालक मात्र सुधारत होते. मग विमानांतून पाव आला, आणि ती मुले पुन्हा आजारी पडली. डिके यांनी यावर 1950 साली उत्रेख्त विद्यापीठास प्रबंध सादर केला. गव्हातील, तसेच जव व राय या धान्यांतील ग्लूटेन नावाचे प्रथिन या लोकांच्या रसांकुरांचा नाश करते, हे आज निर्विवाद झाले आहे.

हा रोग उत्तर भारतात अधिक आढळतो, कारण तेथे गहू हेच मुख्य अन्न. परंतु तो आपल्याकडे नाही असे समजू नये. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा यांपैकी कशातही ग्लूटेन नाही. म्हणजे ज्या भाकरीला गरिबीची खूण समजून घरात गव्हाची पोळी आणली जाते, तीच भाकरी अशा मुलाचे औषध ठरते. मात्र येथे दोन सावधगिऱ्या सांगणे अवश्य आहे. संशय आला म्हणून घरच्या घरी गहू सोडू नये. आधी रुग्णालयात रक्ताची तपासणी करून घ्यावी. गहू सोडल्यावर रक्तातील खूण पुसट होते आणि मग निदान वर्षानुवर्षे लांबते. दुसरी गोष्ट अशी की, निदान झाल्यावर पथ्य थोडेफार करून भागत नाही. ते पूर्ण आणि जन्मभर पाळावे लागते. रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किटे हे उघड शत्रू. सातूचे पीठ, थालीपिठाची भाजणी व बाजारातील बांधानी हिंग यांतही गहू असतो, हे पुष्कळांच्या गावी नसते. गव्हाच्या जात्यावर वा गिरणीत त्यापाठोपाठ दळलेली ज्वारीही अशा मुलाला चालत नाही. ती वेगळी दळून आणावी लागते.

पातळ होण्याबरोबर रक्तही कमी झाले असेल तर पालेभाज्या विसरू नयेत. झिजलेल्या आतड्यातून फॉलिक आम्ल नीट शोषले जात नाही, आणि ते नसले की नव्या पेशी तयार होत नाहीत. या द्रव्याचा माग मुंबईतच लागला होता. डॉ. लूसी विल्स या इंग्रज बाईंनी 1928 नंतर मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रियांतील गरोदरपणाच्या पंडुरोगाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे दाखवून दिले. पुढे 1941 साली ते द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. मऊ शिजविलेली चवळई, पालक वा शेवग्याचा पाला थोड्या प्रमाणात खिचडीत मिसळावा. फार शिजवून पाणी ओतून देऊ नये.

आहाराने सुधारेल की डॉक्टरांकडे न्यावे, हा प्रश्न शिक्षकाला विचारला जातो. त्याचे उत्तर संदिग्ध असू नये. शौचातून रक्त पडणे, ताप, वजन घटत जाणे, रात्री झोपेतून उठून शौचाला जावे लागणे, पायांवर सूज येणे, वारंवार उलट्या, डोळे खोल जाऊन लघवी कमी होणे. यांपैकी एकही चिन्ह असल्यास पथ्याचा विचार बाजूस ठेवून रोग्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. पन्नाशी उलटलेल्या माणसाची शौचाची सवय एकाएकी बदलली तर तेथेही दिरंगाई नको. हे एकही चिन्ह नसले, तरी 14 दिवसांहून अधिक पातळ होणाऱ्या मुलाची तपासणी व्हावीच. शाळेत वर्षातून ठराविक दिवशी दिली जाणारी जंताची गोळी चांगली आहे, पण ती जंतांसाठी. तिने सगळ्या हगवणी जातात असे पालकांना सांगू नये. आणि विहिरीत टी.सी.एल. पावडर पडत नसेल, शौचाहून आल्यावर साबणाने हात धुतले जात नसतील, तर उत्तमातील उत्तम पथ्यही पुढच्या साथीपुरतेच टिकते.

शिक्षकाकडून वैद्यकीची अपेक्षा नाही. त्याच्या हाती असलेल्या गोष्टी निराळ्या आहेत. अशा मुलाचे वजन महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर, अंगणवाडीत वा शाळेत घेऊन लिहून ठेवावे. आईच्या शब्दापेक्षा आणि गुरुजींच्या नजरेपेक्षा तो आकडा डॉक्टरांना अधिक उपयोगी पडतो. त्यासोबत आठ दिवसांची एक छोटी नोंद असावी: काय खाल्ले, केव्हा, आणि शौचाला किती वेळा झाले. वरच्या वर्गातील मूल ती स्वतः लिहू शकते. शाळेतील आहाराच्या वेळी मुलाला एकदम ताटभर न वाढता दोनदा थोडे थोडे वाढावे, आणि बरे झाल्यानंतरही निदान महिनाभर रोजच्यापेक्षा एक जेवण अधिक मिळेल असे घरी सांगावे. गहू वर्ज्य असलेल्या मुलाच्या बाबतीत स्वयंपाक करणाऱ्या बाईंना विश्वासात घेतले म्हणजे भागते. वाढदिवसाला बिस्किटांऐवजी शेंगदाण्याची चिक्की वा राजगिऱ्याचा लाडू वाटण्याची प्रथा वर्गात पाडली, तर कोणाला वेगळे बसविण्याचा प्रसंगच येत नाही. गुरुवारच्या प्रसादाचा शिरा रव्याचा असतो, एवढे लक्षात ठेवावे.

राहता राहिली परवानगीची गोष्ट. पातळ होणारे मूल वर्गात हात वर करण्यास लाजते; दोनदा विचारले की तिसऱ्यांदा हसे होईल या भीतीने ते सकाळी काहीच न खाता शाळेत येते, अथवा येतच नाही. उपासाची सुरुवात पुष्कळदा येथूनच होते, आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. अशा मुलाला दाराजवळची जागा द्यावी, न विचारता जाण्याची मुभा द्यावी, शौचालयात पाणी व साबण आहे की नाही हे सकाळी एकदा पाहून ठेवावे, आणि याचा उच्चार वर्गात कधीही करू नये.